फक्त ०, १, २: त्रिमान अंकांवरून क्रमिका बनवायला शिका

क्रमिका म्हटलं की बहुतेकांना दहावीची अंकगणिती श्रेढी आठवते: पहिलं पद, सामान्य फरक आणि न वं पद काढायचं सूत्र. इथल्या क्रमिका जरा वेगळ्या घराण्यातल्या आहेत. संख्या ३ च्या पायावर लिहायची, तिचे अंक बघायचे आणि त्या अंकांवरून तिला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं ते ठरवायचं. नियम एका ओळीचा असतो. पण त्यातून जे निघतं ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडपर्यंत जातं, आणि एका ठिकाणी तर अजून कुणालाच न सुटलेल्या प्रश्नाशी जाऊन थांबतं.

लागणारं सामान म्हणजे गणिताची चौकोनी वही आणि पेन्सिल. गणित सातवी-आठवीचं पुरेल. सुरुवातीपासून एकाच गोष्टीवर डोळा ठेवा: हातचा येतो की नाही. या विषयातल्या बऱ्याच गोष्टी वरवर चमत्कारासारख्या वाटतात, पण एकेका घरात बेरीज करून हातचा कुठे आला हे पाहिलं की त्या उलगडतात. सूत्रं पाठ करण्यापेक्षा ही सवय लावून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं.

पायरी १: संख्या त्रिमानात लिहा

दशमान पद्धतीत घरं एकक, दहं, शतक अशी दहापटीने वाढतात. त्रिमानात ती तिपटीने वाढतात: १, ३, ९, २७, ८१, २४३, ७२९, २१८७. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सारखी लागेल. प्रत्येक घरात ०, १ किंवा २ यांपैकीच एक अंक बसतो. ३ झाले की पुढच्या घरात हातचा एक.

रूपांतर करायचं तर ३ ने भागत राहायचं आणि बाक्या जपून ठेवायच्या. १०० घेऊ. १०० ला ३ ने भागलं, भागाकार ३३, बाकी १. ३३ ला भागलं, ११, बाकी ०. ११ ला भागलं, ३, बाकी २. ३ ला भागलं, १, बाकी ०. उरलेल्या १ ला भागलं, ०, बाकी १. बाक्या खालून वर वाचा: १, ०, २, ०, १. पडताळा: ८१ + ० + (२ × ९) + ० + १ = १००. जुळलं.

या लेखात त्रिमानातलं लेखन मी अवतरणचिन्हांत दिलं आहे, म्हणजे '१०२०१' हे त्रिमान आणि १०० हे आपलं नेहमीचं. '१०२' ला 'एकशे दोन' म्हणू नका, 'एक-शून्य-दोन' म्हणा. ती संख्या ११ आहे. वाचण्याची ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळली की पुढचा बराच गोंधळ टळतो.

आता हा तक्ता स्वतः वहीत उतरवा:

० ते ८: '०', '१', '२', '१०', '११', '१२', '२०', '२१', '२२'
९ ते १७: '१००', '१०१', '१०२', '११०', '१११', '११२', '१२०', '१२१', '१२२'
१८ ते २६: '२००', '२०१', '२०२', '२१०', '२११', '२१२', '२२०', '२२१', '२२२'

दुसरी ओळ म्हणजे पहिल्याच ओळीच्या डाव्या बाजूला १ लावला आहे, आणि तिसरीत २. गरज पडली तिथे मध्ये ० भरला आहे, एवढंच. ही नक्कल ध्यानात ठेवा. मोठ्या याद्या हाताने करताना भागाकार करत बसावं लागत नाही ते हिच्यामुळे.

एक्सेल किंवा गूगल शीट्स हाताशी असेल तर तिथे 'बेस' नावाचं फंक्शन आहे. त्याला संख्या आणि ३ दिलं की त्रिमान रूप मिळतं. ते जरूर वापरा, पण पहिल्या २७ संख्या हाताने केल्यावर.

पायरी २: एक अंक वर्ज्य करा

नवख्याने सुरुवात इथूनच करावी. नियम असा: ज्या संख्येच्या त्रिमान रूपात २ हा अंक एकदाही येत नाही तेवढ्याच घ्यायच्या. तक्त्यातून वेचल्या तर मिळतात ०, १, ३, ४, ९, १०, १२, १३. पुढे २७, २८, ३०, ३१, ३६, ३७, ३९, ४०, आणि मग एकदम ८१.

ही यादी वाढवायची रीत अशी. ० आणि १ लिहा. त्यात ३ मिळवून ३ आणि ४ जोडा. या चौघांत ९ मिळवून आणखी चार जोडा. आठांत २७ मिळवा, सोळांत ८१. दर वेळी यादी दुप्पट होते, पण ती पसरते तिप्पट जागेत. ३ च्या दहाव्या घाताखाली, म्हणजे ५९,०४९ च्या खाली, अशा संख्या फक्त १,०२४ आहेत. जसजसं पुढे जाल तसतशी यादी विरळ होत जाते.

शंभरावं पद हवं असेल तर? नियम पाळणाऱ्या संख्येत प्रत्येक घरात ० किंवा १ असतो, म्हणजे ती दिसायला द्विमान संख्येसारखीच (२ च्या पायावरची, घरं १, २, ४, ८ अशी दुपटीने वाढणारी) असते. म्हणून पदाचा क्रमांक द्विमानात लिहायचा आणि तेच अंक त्रिमान समजून वाचायचे. शून्य सोडून १ हे पहिलं पद धरलं तर शंभराव्या पदासाठी १०० द्विमानात लिहा: १-१-०-०-१-०-०. हे त्रिमान म्हणून वाचलं की ७२९ + २४३ + ९ = ९८१. अमेरिकेतल्या एआयएमई या निवड परीक्षेत १९८६ साली हाच प्रश्न विचारला होता. ही युक्ती माहीत नसेल तर तो लांबलचक मोजणीचा प्रश्न आहे, माहीत असेल तर दोन ओळींचा.

पायरी ३: लपलेला गुण शोधा आणि सिद्ध करा

इथे घाई करू नका.

वरच्या यादीतल्या कुठल्याही तीन वेगवेगळ्या संख्या घ्या. त्या अंकगणिती श्रेढीत कधीच नसतात. ९, १०, १२ नाही, १, ४, १० नाही, ४, १३, ३१ नाही. हवं तितकं शोधा, सापडणार नाही. नियमात श्रेढीचा उल्लेखही नव्हता, मग हे आलं कुठून?

तीन संख्या श्रेढीत असणं म्हणजे पहिली + तिसरी = मधलीची दुप्पट. मधली संख्या यादीतली आहे, म्हणून तिचे अंक ० आणि १. तिची दुप्पट करताना ० चा ०, १ चा २, हातचा कुठेच नाही. उदाहरणार्थ १० म्हणजे '१०१', दुप्पट '२०२' म्हणजे २०. म्हणजे दुपटीत फक्त ० आणि २ हेच अंक.

आता दुसरी बाजू. पहिली आणि तिसरी या दोघींचेही अंक ० आणि १ च आहेत. त्यांची बेरीज करताना एका घरात जास्तीत जास्त १ + १ = २, म्हणजे इथेही हातचा नाही. ज्या घरात बेरीज ० हवी तिथे दोघींचा अंक ० असायला हवा. जिथे २ हवी तिथे दोघींचा १. एकीचा ० आणि दुसरीचा १ असं कुठल्याही घरात होऊच शकत नाही, कारण मग बेरीज १ येईल आणि दुपटीत १ नाही. म्हणजे प्रत्येक घरात दोघींचे अंक सारखे, म्हणजे त्या दोन संख्या एकच. तीन वेगळ्या संख्यांची श्रेढी अशक्य.

ही सिद्धता वहीत स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. पूर्ण विषयात यापेक्षा सुंदर जागा फार थोड्या आहेत.

याला एक पुढची बाजूही आहे. समजा आपण त्रिमान विसरलो आणि यादी अशी बनवायला घेतली: ० आणि १ लिहा, मग एकेक संख्या तपासत जा, आधीच्या दोघींबरोबर श्रेढी बनत नसेल तर लगेच घ्या, बनत असेल तर सोडा. २ सुटतो, कारण ०, १, २. ३ चालतो, ४ चालतो. ५ सुटतो (३, ४, ५), ६ सुटतो (०, ३, ६), ७ आणि ८ सुटतात (१, ४, ७ आणि ०, ४, ८). ९ चालतो. तीच यादी हजर! कारण ज्या संख्येत २ आहे तिला बाहेर ठेवणाऱ्या दोन संख्या आपोआप मिळतात. ४७ घ्या, म्हणजे '१२०२'. तिच्यातल्या २ च्या जागी १ लिहा: '११०१', म्हणजे ३७. २ च्या जागी ० लिहा: '१०००', म्हणजे २७. आता २७, ३७, ४७ ही श्रेढी झाली, आणि २७ व ३७ दोन्ही आधीच यादीत आहेत. हीच युक्ती २ असलेल्या कुठल्याही संख्येला लागू होते.

१९८३ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये प्रश्न होता: १,००,००० पर्यंतच्या १९८३ वेगवेगळ्या धन पूर्णांक संख्या अशा निवडता येतील का, की त्यांतल्या कुठल्याही तीन श्रेढीत नसतील? तुम्हाला आता उत्तर देता येईल. जास्तीत जास्त अकरा घरांच्या, २ नसलेल्या संख्या घ्या. सगळ्यांत मोठी 'अकरा वेळा १', म्हणजे ८८,५७३. एकूण २,०४८, त्यातून ० वगळला तरी २,०४७. १९८३ सहज निघतात. आपल्याकडे आरएमओ, आयएनएमओची (ऑलिंपियाडच्या प्रादेशिक आणि राष्ट्रीय फेऱ्यांची) तयारी करणाऱ्या मुलांनी हा प्रश्न उत्तर न बघता सोडवून पाहावा.

एक सावधगिरी. 'मिळेल ती पहिली घ्या' या रीतीने बनलेली यादी सगळ्यांत मोठी असेलच असं नाही. ९ च्या खाली आपली यादी ०, १, ३, ४ अशी चार संख्यांची आहे. पण ०, १, ३, ७, ८ या पाच जणांतही श्रेढी नाही, तपासून बघा. पॉल एर्डॉश आणि पॉल तुरान यांनी १९३६ साली या प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. १९४२ मध्ये सालेम आणि स्पेन्सर यांनी दाखवलं, की संख्या मोठ्या होत गेल्या की आपल्या यादीपेक्षा कितीतरी दाट याद्या बनवता येतात.

आणि सुरुवात ०, १ ऐवजी ०, ४ अशी केली तर? त्याच रीतीने ०, ४, ५, ७, ११, १२, १६, २३ असं मिळत जातं, आणि पुढे त्यात कुठली शिस्त दिसत नाही. १९७८ साली ओडलिझ्को आणि स्टॅन्ली यांनी अशा क्रमिकांचा अभ्यास केला होता. एका संख्येच्या फरकाने नीटनेटकी क्रमिका विस्कटते, हे वहीत करून बघण्यासारखं आहे.

पायरी ४: वर्ज्य अंक बदलून बघा

१ वर्ज्य केला तर ०, २, ६, ८, १८, २०, २४, २६, ५४… ही पहिल्या यादीची नुसती दुप्पट आहे, कारण हातचा न येता १ चा २ होतो. ० ते १ मधल्या रेषाखंडाचा मधला तिसरा भाग काढत राहिलं की उरतो तो कँटर संच, त्याचा हा पूर्णांकांमधला भाऊ.

० वर्ज्य केला तर १, २, ४, ५, ७, ८, १३, १४, १६, १७, २२, २३, २५, २६, आणि मग उडी मारून ४०. ही उडी का? '२२२' नंतर शून्य नसलेली पुढची संख्या '११११' आहे, आणि ती ४०.

या याद्या मोजणं सोपं आहे. बरोबर क घरांच्या, शून्य नसलेल्या संख्यांत प्रत्येक घराला दोन पर्याय, म्हणजे २ चा क वा घात. एक घर: २. दोन घरं: ४. तीन घरं: ८. वरच्या यादीत २६ पर्यंत १४ संख्या आहेत, जुळतं. यादी केली की अशी मोजणी करून बघायचीच. एखादी संख्या सुटली असेल तर ती इथेच सापडते.

पायरी ५: अंकांची बेरीज

९ ची कसोटी शाळेत सगळ्यांनी केली आहे: अंकांच्या बेरजेला ९ ने भाग गेला की संख्येला जातो. ती चालते कारण १० मधून १ वजा केला की ९. त्रिमानात ३ मधून १ वजा केला की २, म्हणून इथे अंकांची बेरीज सम-विषम सांगते. त्याहून सोपं: त्रिमान रूपात १ किती वेळा आला ते मोजा. सम वेळा तर संख्या सम, विषम वेळा तर विषम. '१०२०१' मध्ये १ दोनदा आहे, १०० सम आहे. शेवटचा अंक बघून सम-विषम ठरवायची दशमानातली सवय इथे मोडावी लागते. '१२' च्या शेवटी २ आहे, पण ती संख्या ५.

बेरजांची क्रमिका अशी: ०, १, २, १, २, ३, २, ३, ४, १, २, ३, २, ३, ४, ३, ४, ५… पहिले तीन लिहा, त्यांत १ मिळवून पुढचे तीन, २ मिळवून त्यापुढचे तीन, मग नऊच्या नऊ घेऊन तेच. तक्त्यातली नक्कलच इथे वेगळ्या वेशात आली आहे.

या बेरजेचा एक जबरदस्त उपयोग आहे. १ ते १०० या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला तर त्याला ३ ने किती वेळा भाग जाईल? फ्रेंच गणिती लझाँद्र यांचं सूत्र सांगतं: संख्येतून तिच्या त्रिमान अंकांची बेरीज वजा करा आणि निम्मं करा. १०० च्या अंकांची बेरीज ४. (१०० − ४) ÷ २ = ४८. पडताळून पाहायचं तर ३ च्या पटी ३३, ९ च्या ११, २७ च्या ३, ८१ ची १, एकूण ४८.

पायरी ६: हातचे मोजा

पास्कलचा त्रिकोण आठवा: दोन्ही कडांना १, आणि आतली प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या वरच्या दोन संख्यांची बेरीज. आपल्याकडे पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या दहाव्या शतकातल्या टीकेत हलायुधाने तो 'मेरुप्रस्तार' म्हणून सांगितला आहे. त्याच्या मधल्या उभ्या रांगेतल्या संख्या अशा: १, २, ६, २०, ७०, २५२, ९२४, ३४३२, १२८७०, ४८६२०, १८४७५६. यांना ०, १, २… असे क्रमांक द्या आणि ज्यांना ३ ने भाग जात नाही त्यांचे क्रमांक लिहा. ०, १, ३, ४, ९, १०. ओळखलंत? पायरी २ मधलीच यादी.

कारण एर्न्स्ट कुमर यांनी १८५२ मध्ये दिलं. त्रिकोणाच्या मधल्या रांगेतल्या न क्रमांकाच्या संख्येला ३ ने किती वेळा भाग जातो? न मध्ये न मिळवताना त्रिमानात जितके हातचे येतात तितक्या वेळा. ५ घेऊ, म्हणजे '१२'. '१२' + '१२' करा. एककाच्या घरात २ + २ = ४, म्हणून १ लिहिला, हातचा १. तिनाच्या घरात १ + १ + १ = ३, म्हणून ० लिहिला, हातचा १. उत्तर '१०१', म्हणजे १०. हातचे दोन आले, म्हणून ५ व्या क्रमांकाच्या २५२ ला ३ ने दोनदा भाग जातो: २५२ ÷ ९ = २८, आणि २८ ला पुढे जात नाही. ६ म्हणजे '२०', दुप्पट करताना हातचा एकच, आणि ९२४ ÷ ३ = ३०८, तिथेच थांबतं. २ नसलेल्या संख्येची दुप्पट करताना हातचा येतच नाही, म्हणून तिथे ३ ने भाग जात नाही.

याच्यावरून तुमची स्वतःची क्रमिका बनवा: प्रत्येक न साठी न + न करताना येणारे हातचे. ०, ०, १, ०, ०, २, १, १, २, ०, ० अशी ती सुरू होते. पहिली २७ पदं हाताने काढा.

पायरी ७: उलट-सुलट सारख्या संख्या

'चिमा काय कामाची' सारखी विलोमपदं त्रिमानातही असतात: १, २, ४, ८, १०, १३, १६, २०, २३, २६, २८, ४०, ५२, ५६, ६८, ८०. यावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण एक गोष्ट बघाच. सम घरांच्या विलोम संख्या, म्हणजे ४, ८, २८, ४०, ५२, ५६, ६८, ८०, या सगळ्यांना ४ ने भाग जातो. दशमानात १२२१ सारख्या संख्यांना ११ ने भाग जातो त्याच कारणाने: १० च्या पुढचा ११, तसा ३ च्या पुढचा ४.

पायरी ८: २ ऐवजी वजा एक

शेतकऱ्याचा ४० किलोचा दगड पडून त्याचे चार तुकडे झाले आणि त्या चार तुकड्यांनी १ ते ४० किलोपर्यंतचं प्रत्येक वजन तोलता आलं, हे कोडं तुम्ही ऐकलं असेल. तुकडे १, ३, ९, २७ किलोचे. तराजूच्या दोन्ही पारड्यांत तुकडे ठेवता येतात, म्हणजे प्रत्येक घरात अंक ०, १ किंवा वजा १.

१४ किलो तोलायचं आहे. १४ म्हणजे '११२'. एककाच्या घरात २ आहे, त्याऐवजी वजा १ लिहा आणि हातचा १ पुढे द्या. पुढच्या घरात १ + १ = २, पुन्हा वजा १, हातचा १. त्यापुढेही तेच. शेवटी २७ च्या घरात १. म्हणजे १४ = २७ − ९ − ३ − १. मालाच्या पारड्यात १, ३, ९ चे तुकडे, समोर २७ चा. आणि ज्या वजनांना मालाच्या पारड्यात काहीच ठेवावं लागत नाही, ती पुन्हा १, ३, ४, ९, १०, १२, १३… हीच यादी.

ही लेखनपद्धत नुसती कोड्यापुरती राहिली नाही. मॉस्को राज्य विद्यापीठात निकोलाय ब्रुसेंत्सोव्ह यांच्या गटाने १९५८ साली 'सेतुन' हा संगणक याच तीन अंकांवर उभा केला.

पायरी ९: न सुटलेल्या प्रश्नापर्यंत चाला

आता २ चे घात त्रिमानात लिहा. भागाकार करू नका, दर वेळी आधीच्या संख्येची दुप्पट करा आणि हातचे सांभाळा: '१', '२', '११', '२२', '१२१', '१०१२', '२१०१', '११२०२', आणि मग '१००१११'.

शेवटची उडी सावकाश करा. '११२०२' म्हणजे १२८. उजवीकडून: २ + २ = ४, १ लिहा, हातचा १. ० + ० + १ = १. २ + २ = ४, १ लिहा, हातचा १. १ + १ + १ = ३, ० लिहा, हातचा १. पुन्हा १ + १ + १ = ३, ० लिहा, हातचा १. शेवटी १. दोन्ही २ गेले, आणि हाती आली '१००१११', म्हणजे २५६.

म्हणजे २ हा अंक नसलेले २ चे घात आपल्याला सापडले: १, ४ आणि २५६. पुढचा कुठला? ५१२ म्हणजे '२००२२२', इथे २ आहे. १०२४ मध्येही आहे. एर्डॉश यांनी १९७९ मध्ये अंदाज मांडला, की २५६ नंतर असा एकही घात नाही. हे आजवर सिद्ध झालेलं नाही आणि खोटंही ठरलेलं नाही. पंजाब विद्यापीठाचे हंसराज गुप्ता यांनी १९७८ सालीच ४३७४ व्या घातापर्यंत तपासून ठेवलं होतं. २०२२ मध्ये रॉबर्ट साये यांनी २ × (३ चा ४५ वा घात) एवढ्या प्रचंड घातांकापर्यंत तपासलं. चौथी संख्या मिळाली नाही. घातांक वाढेल तसे अंक वाढत जातात, आणि इतक्या अंकांमध्ये एकही २ नसणं फार दुर्मीळ होत जातं. पण दुर्मीळ आणि अशक्य यांत जे अंतर आहे, ते ओलांडायला सिद्धताच लागते.

पायरी १०: आपली यादी तपासा

नियम लिहिताना तीन गोष्टी आधी ठरवा. ० धरायचा की नाही. मोजणी ० व्या पदापासून की पहिल्या पदापासून. आणि डावीकडचे फालतू शून्य मोजायचे नाहीत, हे स्पष्ट म्हणा. 'शून्य किती' असा नियम असेल तर '११' आणि '०११' यांतला गोंधळ सगळी यादी बिघडवतो.

मग निदान पंधरा-वीस पदं काढा. चार-पाच पदांवरून काही ठरवू नका, तेवढी पदं कितीतरी वेगवेगळ्या क्रमिकांना लागू पडतात. नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेल्या क्रमिका १९९६ पासून 'ओईआयएस' या संकेतस्थळावर आहेत. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम देऊन पदं टाका. २ नसलेल्या संख्यांची यादी तिथे ए००५८३६ या क्रमांकाने आहे, १ नसलेल्यांची ए००५८२३, अंकांच्या बेरजेची ए०५३७३५. क्रमांक टाकतानाही अक्षर आणि अंक इंग्रजीच लागतात.

सरावाला एक नियम देतो: त्रिमान रूपात २ बरोबर एकदाच यायला हवा. सुरुवात २, ५, ६, ७, ११, १४, १५, १६, १८, १९, २१, २२ अशी होते, म्हणजे २७ च्या खाली बारा. ८१ च्या खाली किती असतील ते आधी मोजणीने काढा: एकट्या २ साठी घर निवडायचं, बाकीच्या प्रत्येक घरात ० किंवा १. उत्तर ३२ यायला हवं. मग यादी पूर्ण करून मोजा.